झीज, वाजवीपेक्षा जास्त

डुलुथमध्ये फेब्रुवारीत गाडी तपासायची
तर आधी तिच्यावरचं रस्त्याचं मीठ धुवावं लागतं.
डेल्फीन ओस्टरहाउसनं ते पहाटेच उरकलं होतं,
गॅरेजात, कोमट पाण्याच्या बादलीनं,
आणि मी पोचेपर्यंत चाकांच्या कडांना
ताजे बर्फाचे ओघळ लोंबत होते.

माझ्याकडे एक पारदर्शक पट्टी असते.
तिच्यावर तीन वर्तुळं नि एक रेघ.
पहिल्या वर्तुळात मावला तो पोचा कंपनी सोसते,
रेघेबाहेर गेला तो ओरखडा माणसाचा.
बावीस वर्षं हेच करतोय:
किती सोसायचं, ते वीतभर प्लास्टिकवर ठरवणं.

मागचा बंपर: व्हीलचेअरचा घासा, सात इंच.
उजवं पुढचं दार, आतून: धरायच्या मुठीला तडा.
"एमेट," ती म्हणाली. "भाऊ माझा.
पूल आला की घट्ट धरायचा.
वाटेत पूल फार."
मी लिहिलं, तडा, एक.
फॉर्मवर 'का' असा रकाना नाही.
कधीच नव्हता.

करार छत्तीस हजार मैलांचा,
मीटर त्रेपन्न हजार दोनशे बारावर.
जादा मैलाला पंचवीस सेंट.
आकडा ऐकून तिनं घासाघीस केली नाही.
"रॉचेस्टरचं हॉस्पिटल," एवढंच म्हणाली,
"जाऊन-येऊन साडेचारशेच्या वर.
येताना तो झोपायचा."

लोक डागावर मॅट सरकवून ठेवतात,
पोचा भिंतीच्या बाजूला करून गाडी लावतात.
हिनं स्वतःच शेजारच्या सीटपुढची
उन्हाची झडप खाली ओढून दाखवली.
राखाडी कापडावर पेन्सिलीच्या रेघा.
चार उभ्या, एक आडवी.
चार उभ्या, एक आडवी.
असे आठ गठ्ठे,
आणि पुढे एक उभी, एकटी.

"हेही धरा."

एकेक रेघ नियमात बसत होती.
पण एका भागावरचे डाग एकत्र मोजावेत असं कलम आहे.
"साठ डॉलर," मी म्हटलं,
"खोडरबरानं निघेलही तसं,"
आणि जीभ चावली.

ती म्हणाली, "साठ भरले की झडप माझी ना?"

बावीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
नाही, म्हटलं, पैसे झिजेचे असतात,
वस्तू कंपनीचीच राहते.
"आणि झीज?"
तीही.

तेव्हा अंगावर काटा आला असं म्हणणार नाही.
उणे अकरा होतं, तो सकाळपासूनच होता.

पेन गोठलंय म्हणालो, व्हॅनमधून दुसरं आणतो.
स्क्रूड्रायव्हर बॉनेटवर राहिला.
विसरलो म्हणा.
व्हॅनमध्ये तीन पेनं होती, तिन्ही चालणारी.
एका जुन्या पावतीच्या पाठीवर
तिन्ही गिरवून बघितली, सावकाश:
उभी, उभी, उभी, उभी,
मग आडवी.

परत आलो तर झडपेच्या जागी दोन भोकं.
त्यांना पट्टी लावली नाही.
लिहिलं: उन्हाची झडप, उजवी, गहाळ. एकशे चाळीस डॉलर.
डागापेक्षा गहाळ महाग पडतं.
तिनं सही केली.
तिचा कोट एका बाजूनं
चौकोनी झाला होता.

मार्चमध्ये गाडी लिलावात गेली.
पुढे कुठे, ते आम्हाला कळवत नाहीत.
कुणीतरी आता त्या उजव्या सीटवर बसत असेल,
संध्याकाळी पश्चिमेकडे जाताना
हाताचा आडोसा कपाळाशी धरून
विचारत असेल, इथलं कुठं गेलं?
आणि चालवणारा, रस्त्यावरची नजर न काढता,
अशीच मिळाली.